नर्सिंगच्या पोरी वॉर्डात नेमक्या शिकतात कशा?

सकाळी पावणेआठच्या सुमाराला कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या फाटकासमोर दोन मिनिटं थांबा. केएमटीच्या बसमधून, वडापच्या जीपमधून, कॉलेजच्या बसमधून युनिफॉर्ममधल्या पोरी उतरत असतात, त्यात चार-दोन पोरंही. खिशाला निळं आणि लाल पेन, सेकंदकाट्याचं घड्याळ, हातात प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं केस बुक (केलेल्या कामांच्या नोंदीचं) आणि तोंडात डब्यातला शेवटचा घास. जुनी माणसं अजून ‘थोरला दवाखाना’ म्हणतात त्या या रुग्णालयात, शहरातल्या खासगी दवाखान्यांत, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत अशा पोरी वर्षभर ‘क्लिनिकल’ला, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष शिक्षणाला, असतात.

पेशंटबरोबरच्या माणसांना त्या दिसतात आणि एक प्रश्न लगेच तोंडावर येतो: “ही शिकाऊ हाय व्हय? मग सुई मोठ्या सिस्टरना मारू दे की.” दुसरा प्रश्न पोरींच्या आईवडिलांचा, तो फोनवर येतो: “मॅडम, एवढी फी भरतोय आन् पोरगी म्हणती, दिवसभर चादरीच बदलल्या. शिकवताय कवा?”

मी जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) केलं, काही वर्षं वॉर्डात काढली आणि नंतर क्लिनिकल इन्स्ट्रक्टर म्हणून पोरींच्या मागं वॉर्डावॉर्डातून फिरले. या दुसऱ्या प्रश्नाला फोनवर नीट उत्तर देणं मला कधी जमलं नाही. ते इथं देते.

आधी थोडी पार्श्वभूमी. एएनएमचा (ऑक्झिलरी नर्स-मिडवाइफ) कोर्स दोन वर्षांचा, जीएनएम तीन, बीएस्सी नर्सिंग चार. अभ्यासक्रम इंडियन नर्सिंग कौन्सिल ठरवतं, नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं होते आणि बीएस्सीची पदवी बहुतेक ठिकाणी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. जीएनएमला तर वर्गापेक्षा वॉर्डातले तास जास्त. ब्रिटनमध्ये नर्स वेगळी आणि बाळंतपण करणारी मिडवाइफ वेगळी, पदव्याही स्वतंत्र. आपल्याकडं जीएनएम किंवा बीएस्सी झालेली मुलगी एकाच वेळी दोन्ही म्हणून नोंदवली जाते. सरकारी मराठीत ‘परिचारिका-प्रसाविका’. आजी मात्र कौतुकानं ‘सुईण’ म्हणते आणि नातीला ते अजिबात आवडत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारनं मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, आधीच नर्स असलेल्यांसाठी दीड वर्षाचं खास प्रशिक्षणही आलं. तरी बहुतेकींची बाळंतपणाशी पहिली गाठ पडते ती कॉलेजातून लागलेल्या लेबर रूमच्या पोस्टिंगमध्येच.

दहा मिनिटं पोटावर हात

कळा मोजणं हे काम कागदावर फार सोपं आहे. बाईच्या पोटाच्या वरच्या भागावर तळहात सपाट ठेवायचा, घड्याळ लावायचं, दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येक कळ किती सेकंद टिकली ते लिहायचं. परीक्षेत दोन मार्कांना येतं.

आता हे खरं कसं होतं ते बघा. राधानगरीकडची एक बाई, पहिलटकरीण, टेबलावर कुशीवर वळलेली. माझी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी शेजारी उभी. तिनं हात ठेवला, पण बोटं ताठ, मनगट हवेत. बाई “आई गं” म्हणाली की ही घड्याळ बघायची, बाई गप्प झाली की लिहायची. मी विचारलं, “हाताला काय लागलं?” म्हणाली, “मॅडम, काहीच लागत नाही.” खरंच लागत नव्हतं. ती पोटातली कळ मोजत नव्हती, तोंडातला आवाज मोजत होती.

मी तिच्या हातावर माझा हात ठेवला. बोटं सैल कर म्हटलं. आम्ही दोघी काही न बोलता थांबलो. मग पोट हळूहळू आवळायला लागलं. सुरुवातीला नाकाच्या शेंड्याएवढं घट्ट, मग हनुवटीएवढं, मग कपाळाएवढं. नाक, हनुवटी, कपाळ ही आमची शिकवायची जुनी मापं. पोट हनुवटीपर्यंत आलं तोवर बाई शांत पडली होती, आणि त्यानंतर कुठं तिच्या कपाळावर आठी उमटली. पोरगी माझ्याकडं बघायला लागली. कळ बाईला जाणवायच्या आधी बाहेरच्या हाताला कळते हे तिनं पुस्तकात वाचलं असणारच. पण तिला ते कळलं त्या दिवशी.

वॉर्डातलं शिक्षण म्हणजे मुख्यतः हे. कॉलेजातल्या सरावाच्या स्किल लॅबमधल्या पुतळ्याचं पोट कधी घट्ट होत नाही आणि पुतळा कधी घाबरत नाही. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन नर्सनं १९८४ मध्ये नर्स कशी घडते याच्या पाच पायऱ्या मांडल्या. अगदी नवखी, थोडी सरावलेली, सक्षम, निपुण आणि शेवटी तज्ज्ञ. नवखी नियमानं चालते: बीपी कमी दिसलं की सांगायचं, ताप १०१ असला की सांगायचं. तज्ज्ञ सिस्टर दारातून आत येता येता म्हणते, “सात नंबरला बघा रे, मला बरं दिसत नाही,” आणि का ते तिला स्वतःलाही लगेच सांगता येत नाही. तिच्या डोळ्यासमोर असे शंभर पेशंट येऊन गेलेले असतात. बेनरच्या मांडणीतला महत्त्वाचा मुद्दा असा की अनुभव म्हणजे नुसती सरलेली वर्षं नव्हेत. बघितलेल्या गोष्टीनं आपली आधीची समजूत हलली पाहिजे. एकीला दहा वर्षांचा अनुभव असतो, दुसरीला एकाच वर्षाचा अनुभव दहा वेळा आलेला असतो. वॉर्डात दोन्ही भेटतात.

आणि समजूत हलायला बहुतेक वेळा शेजारी कुणीतरी उभं असावं लागतं. त्या पोरीच्या हातावर कुणी हात ठेवला नसता तर ती पुढचे सहा आठवडे आवाजच मोजत राहिली असती, केस बुकात सह्याही मिळाल्या असत्या.

“ए स्टुडंट”

पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी पोरींपुढं सगळ्यात मोठा प्रश्न कुठला असतो सांगू? बॅग कुठं ठेवायची. हसू नका. स्टाफच्या खोलीत ठेवली तर “ही कुणाची?” म्हणून बाहेर येते, कॉरिडॉरमध्ये ठेवली तर चोरीला जाते. मग आठ जणी जिन्याखाली ढीग करतात आणि एकजण आळीपाळीनं राखण बसते. त्या एकीचं त्या दिवशीचं क्लिनिकल संपलं.

नावानं हाक मारणं ही दुसरी गोष्ट. “ए स्टुडंट, सॅम्पल लॅबला दे.” “ए यलो, इकडं ये,” हे ओढणीच्या रंगावरून. ऑस्ट्रेलियातल्या ट्रेसी लेव्हेट-जोन्स आणि ब्रिटनमधल्या ज्युडिथ लॅथलीन यांनी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांशी बोलून एक गोष्ट मांडली: या वॉर्डात आपण ‘यांच्यातले’ आहोत असं वाटणं ही शिकण्याची आधीची अट आहे. ते वाटत नसेल तर विद्यार्थिनी प्रश्न विचारत नाही. तिची सगळी ताकद आपण चुकीच्या जागी उभ्या नाही ना, कुणाच्या वाटेत नाही ना, एवढं बघण्यात जाते. शिवाय चुकीचं काही दिसलं तरी ती गप्प बसते, कारण आधीच पाहुणी, त्यात तक्रार कुठं करा.

कोल्हापुरी माणसाला हे समजावून सांगायला नको. पाहुणा आला की ‘जेवून जा’ म्हणणारं गाव आपलं. एका वॉर्डात इनचार्ज सिस्टर पहिल्या दिवशी पोरींची नावं विचारून ड्युटीच्या फळ्यावर स्टाफच्या नावांखाली लिहायच्या, बस्स. बाकी त्या कडक होत्या, चुकलं की सगळ्यांसमोर बोलायच्या. तरी पोरी त्याच वॉर्डासाठी भांडायच्या.

शिकायला आलीय की राबायला

आता त्या चादरींकडं येऊ. आईवडिलांची तक्रार निम्मी बरोबर आहे.

निम्मी चूक का, ते आधी. पेशंट असतानाच अंथरूण बदलताना त्याला कुशीवर वळवावं लागतं. तेव्हा पाठ दिसते. माकडहाडाजवळ लाल चट्टा दिसतो, जो दाबला तरी पांढरा पडत नाही: शय्याव्रणाची पहिली खूण. पायावर सूज दिसते, लघवीच्या पिशवीचा रंग दिसतो, उशाशी न खाल्लेली भाकरी दिसते. म्हातारा माणूस राऊंडवर डॉक्टरांना “बरं हाय” म्हणतो आणि चादर बदलणाऱ्या पोरीला म्हणतो, “बाय, रातभर दम लागत हुता.” ज्या पोरीला हे बघायला शिकवलंय तिच्यासाठी अंथरूण बदलणं म्हणजे तपासणीच.

पण हे पहिल्या दहा अंथरुणांचं झालं. पन्नासाव्या अंथरुणात शिकण्यासारखं काही उरत नाही, तिथं नुसता माणूस कमी असतो. आणि माणूस बहुतेक ठिकाणी कमी असतोच. एका सिस्टरकडं इतके पेशंट की शिकवायला थांबली तर इंजेक्शनं राहतात. मग कामं वाटली जातात: तू सगळ्यांचे बीपी घे, तू सगळ्यांचे टेंपरेचर, तू रक्तपेढीत जा, तू ड्रेसिंगची ट्रॉली ढकल. काम झटपट उरकतं. पण बीपीवाल्या पोरीला चाळीस आकडे माहीत असतात आणि एकही पेशंट माहीत नसतो. तिलाच तीन पेशंट दिवसभर दिले, त्यांची औषधं, जेवण, लघवी, रिपोर्ट, घरची माणसं, सगळं तुझं असं सांगितलं, तर तिला आकडा आणि माणूस यांचा संबंध लागतो. कौन्सिलच्या नियमात विद्यार्थी आणि पेशंट यांचं प्रमाण एकास तीन आणि शिक्षक-विद्यार्थी एकास दहा धरलंय त्यामागं हाच विचार आहे. प्रत्यक्षात एका ट्यूटरच्या दहा पोरी पाच वॉर्डांत विखुरलेल्या असतात आणि ती जिने चढत-उतरत असते. माझे गुडघे त्याची साक्ष देतील.

ही खेच आजची नाही. १८६० मध्ये लंडनला फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावानं सेंट थॉमस हॉस्पिटलला जोडून शाळा निघाली आणि तोच साचा जगभर पसरला. दवाखान्याच्या पदरी शाळा, शाळेच्या पोरी दवाखान्याचे हात. ब्रिटनमध्ये गेल्या शतकाच्या अखेरीस नियम बदलून ठरलं की शिकणारी मुलगी ड्युटीच्या माणसांत मोजायचीच नाही, ती ‘वरची’. आपल्याकडंही कागदावर ती स्टाफ नाही. पण रविवारी संध्याकाळी वॉर्डात एकच सिस्टर असेल तर कागद कोण बघतं?

सगळ्यांचं ११०/७०

कॉलेजात शिकवतात: साबणानं हात धुवायला ४० ते ६० सेकंद, प्रत्येक पेशंटला हात लावायच्या आधी आणि नंतर. वॉर्डात बेसिन एका टोकाला, साबण संपलेला, पेशंट पस्तीस. कॉलेजात शिकवतात: वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, थेट पांढऱ्या डब्यात. वॉर्डात सीनियर टोपण लावताना दिसते. पोरीनं तोंड उघडलं की उत्तर ठरलेलं: “ते कॉलेजात. इथं असंच असतंय.”

मार्लिन क्रेमर यांनी १९७४ मध्ये नव्यानं नोकरीला लागलेल्या नर्सना बसणाऱ्या या धक्क्याला ‘रिअ‍ॅलिटी शॉक’ म्हटलं. आमच्या पोरींना तो नोकरीपर्यंत थांबत नाही, पहिल्या वर्षीच बसतो. काही जणी रडतात, काही जणी कोर्स सोडायचं म्हणतात. मला त्यांची फार काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती पटकन सरावणाऱ्यांची, कारण मी त्यातली होते.

मी स्वतः शिकत होते तेव्हाची गोष्ट. दवाखान्याचं नाव सांगत नाही. बाळंतिणींचा वॉर्ड, म्हणजे पीएनसी, दुपारची ड्युटी, बीपीचं एकच मशीन आणि त्याचा कफ फाटलेला. सिस्टरनी चार्ट माझ्या हातात दिले. “सगळ्यांचं ११०/७० टाक, एक-दोन ठिकाणी १२० कर, संशय नको.” मी टाकलं. सुवाच्य अक्षरात टाकलं, निळ्या पेननं. कोपऱ्यातल्या बेडवरची बाई, बाळंतपणाचा तिसरा दिवस, मला म्हणाली होती, “डोस्कं लई ठणकतंय, डोळ्याफुडं काजवं चमकत्यात.” मी तिला पाणी दिलं, झोपा म्हटलं. संध्याकाळी डॉक्टरांनी दुसरं मशीन आणून बघितलं, १६०/११०. गरोदरपणातला बीपीचा आजार बाळंत झाल्यावरही काही दिवस उसळू शकतो, आणि त्यात डोकं ठणकणं, डोळ्यासमोर चमकणं ही झटका येण्याआधीची धोक्याची घंटा असते, हे मला तोंडपाठ होतं. पंधरा दिवसांपूर्वीच्या परीक्षेत मी ते लिहून मार्क घेतले होते.

झटका रोखणारं मॅग्नेशियम सल्फेट दिलं गेलं, झटका आला नाही, बाई बाळ घेऊन घरी गेली. मला कुणी काही बोललं नाही. चार्टवर माझी सही होती, तीही कुणी बघितली नाही. शिकवणाऱ्यांच्या भाषेत याला छुपा अभ्यासक्रम म्हणतात: जो कुणी शिकवत नाही आणि सगळे शिकतात. त्या दुपारी मी काही चुकून शिकले नव्हते. मला ते नीट, हाताला धरून शिकवलं गेलं होतं.

वीस डिलिव्हऱ्या

लेबर रूमचं गणित सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. बीएस्सीच्या आधीच्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थिनीनं २० नॉर्मल डिलिव्हऱ्या स्वतः करणं अपेक्षित होतं. युरोपीय नियमांनुसार मिडवाइफरीच्या विद्यार्थिनीला ४०. आपल्याकडं एकाच लेबर रूममध्ये चार-पाच प्रकारचे शिकणारे असतात: एएनएम, जीएनएम, बीएस्सी, शिवाय मेडिकल कॉलेज असेल तर इंटर्न आणि निवासी डॉक्टर. सगळ्यांना केस हवी. दुसऱ्या बाजूला सिझेरियन वाढलेली. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात एकूण २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली, खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के. म्हणजे खासगी ठिकाणी पोस्टिंग लागलेल्या पोरीसमोर निम्म्या बाया ऑपरेशन थिएटरकडंच वळतात.

मग वाटणी होते. एकीनं बाळ घेतलं, दुसरीनं वार घेतली, तिसरीनं बाळाचं वजन केलं. केस बुकात तिघींच्या तीन डिलिव्हऱ्या. हे सगळ्यांना माहीत असतं.

माझं भांडण आकड्याशी नाही, आकडा हवाच. भांडण हे आहे की आकडा शेवटची पाच मिनिटं मोजतो. पहिलटकरणीच्या कळा बारा तास चालू शकतात, पोरीची ड्युटी दोनला संपते, बाळ चारला येतं. जिला “डोकं दिसतंय, ग्लोव्हज घाल” म्हणून हाक मारून आणलं, ती झेलायला शिकते. बाळंतपण करायला शिकत नाही. ते आधीच्या तासांत असतं: दर अर्ध्या तासानं बाळाचे ठोके ऐकणं, ते मिनिटाला ११० ते १६० च्या आत आहेत ना बघणं, पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपण पुढं सरकतंय का ते दाखवणाऱ्या तक्त्यावर, पिशवीचं तोंड किती उघडलं त्याची खूण करत जाणं आणि ती रेषा कुठं रेंगाळायला लागली हे ओळखणं. शेवटच्या क्षणालाही घाई नसतेच. बाळ आलं की मिनिटाच्या आत आईला रक्तस्राव रोखायला ऑक्सिटोसिनची १० युनिटं, नाळ एक ते तीन मिनिटं थांबून कापायची, बाळ रडलं की आईच्या छातीवर. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला अ‍ॅपगार, म्हणजे बाळाच्या तब्येतीचे गुण: रंग, ठोके, प्रतिसाद, हालचाल, श्वास. पाचव्या मिनिटाचा आकडा बऱ्याच वेळा नंतर अंदाजानं भरला जातो. ११०/७० चीच ही बहीण.

केस बुकात रकाना नसलेलं एक काम लेबर रूममध्ये फक्त शिकाऊ पोरींनाच जमतं, कारण वेळ फक्त त्यांच्याकडं असतो. बाईजवळ बसणं. कंबर चोळणं, घोटभर पाणी देणं, कळ ओसरली की “आता सैल सोडा” म्हणणं. याला वॉर्डात कुणी काम समजत नाही. बसलेली पोरगी दिसली की तिला कुठंतरी पिटाळतात. पण प्रसूतीच्या काळात कुणी सतत सोबत असलं तर सिझेरियनचं प्रमाण कमी होतं, वेदनाशामक कमी लागतात, हे जगभरच्या अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसलंय. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ या लेबर रूम सुधारण्याच्या केंद्राच्या कार्यक्रमातही बाईबरोबर तिचं माणूस असू देण्यावर भर आहे.

उलटही शिकलं जातं. कळा देणाऱ्या बाईवर खेकसणं, तिची लाज काढणं पोरी पहिल्या आठवड्यात बघतात तेव्हा त्यांचे डोळे भरतात. इंटर्नशिपपर्यंत त्यातल्या एखादीच्या तोंडी तीच वाक्यं, त्याच सुरात येतात. मी ऐकलीत. आणि टेबलाभोवती दहा पोरी उभ्या करताना त्या बाईला विचारलं होतं का, हा प्रश्न मलाही बरेचदा उशिरा सुचला. तिघी आत, बाकीच्या बाहेर, आणि आधी त्या बाईची परवानगी, एवढं करायला काही खर्च येत नाही.

पोरांचं, म्हणजे ब्रदर लोकांचं, इथं वेगळंच दुखणं. अभ्यासक्रम तोच, परीक्षा तीच, पण लेबर रूमच्या दारात सासूबाई आडव्या उभ्या. बहुतेक पोरं कागदपत्रं आणि पळापळ सांभाळून पोस्टिंग काढतात.

‘उलटीगत’ म्हणजे काय

थोडं भाषेचं. बीड-लातूरकडच्या पोरी इथं शिकायला येतात आणि पहिला महिना त्यांना पेशंट कळत नाही. “पोटात डुचमळाय लागलंय”, “अंगात कणकण हाय”, “उलटीगत हुतंय पर हुईना”, “चक्कर न्हाई ओ, घेरी येती.” त्यात निपाणी-चिकोडीकडून आलेली बाई निव्वळ कन्नड बोलणारी. केअर प्लॅनमध्ये, म्हणजे पेशंटच्या काळजीच्या लेखी आराखड्यात, पेशंटची तक्रार तिच्या शब्दांत लिहायची असते, पोरी मात्र तिचं पुस्तकी भाषांतर करून लिहितात आणि मुद्दा निसटतो. मी वॉर्डातल्या मावशींना दुभाषी करायची. मावशींइतकं पेशंटचं बोलणं कुणालाच कळत नाही, आणि त्यांना शिकवायला आवडतं.

सुई टोचली तर

पालकांसाठी एवढं महत्त्वाचं. पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस (पहिला, मग एक महिन्यानं, मग सहाव्या महिन्यात) झाले पाहिजेत, कॉलेजला विचारा. वापरलेली सुई टोचली तर जखम दाबायची-पिळायची नाही, तोंडात बोट घालायचं नाही, साबण-पाण्यानं धुवायचं आणि लगेच सांगायचं. एचआयव्हीचा धोका वाटला तर औषधं जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस चालतात. पोरी हे लपवतात. औषधाच्या भीतीनं नव्हे, “लक्ष कुठं होतं तुझं?” या वाक्याच्या भीतीनं.

सही देणारा आणि शिकवणारा

ब्रिटनमध्ये २०१८ च्या नव्या नियमांत एक गोष्ट केली गेली जी मला फार शहाणपणाची वाटते: रोज शेजारी उभं राहून शिकवणारी व्यक्ती वेगळी आणि पास-नापास ठरवणारी वेगळी. साधी गोष्ट आहे. जिच्या हातात आपले मार्क आहेत तिला “मला नाडी सापडत नाहीये” असं कोण सांगेल? आपल्याकडं तीच ट्यूटर शिकवते, तीच केस बुकावर सही करते, तीच व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, घेते. म्हणून पोरी आमच्यापुढं सगळं येतं असा चेहरा करतात आणि रात्रपाळीच्या सिस्टरना हळूच विचारतात. मनुष्यबळ बघता आपल्याकडं ही फारकत लवकर होईल असं वाटत नाही.

मी त्यावर माझ्यापुरता उपाय काढला होता. प्रत्येकीला चाळीस पानी वही. कच्ची वही म्हणायचो. तिला मार्क नाहीत, तपासणी नाही. आज जे कळलं नाही किंवा पहिल्यांदा कळलं, ते दोन ओळींत. ड्युटी संपताना जिन्याजवळ पंधरा मिनिटं उभ्या उभ्या आम्ही ती वाचायचो. बहुतेक वेळा त्यात असायचं “सलाईनचे थेंब मोजायचं सूत्र चुकतं” किंवा “अमक्या स्टाफ बोलतात त्याची भीती वाटते”. कधी नुसतं “भूक लागली”.

राधानगरीच्या बाईजवळ उभी होती त्या पोरीच्या वहीत त्या दिवशी ही नोंद होती:

“बेड २. कळ त्यांना यायच्या आधी माझ्या हाताला कळली. नंतर अजून तीन वेळा कळली, मॅडम नसताना. दोनला सुटले, बाळ झालं नव्हतं. उद्या त्या पीएनसीला असतील, भेटून येऊ का?”